चूहेवाली शमीम

शमीम,

तुझ्या घरी मयतीला जमलेल्या बायकांच्या गर्दीत मी भिंतीला टेकून बसले होते. काय करत होते सांगू? तुझ्या स्वयंपाकघराच्या दाराखालची फट बघत होते. रडून झालं होतं. डोळे कुठंतरी टेकवायचे म्हणून टेकवले, तर ते आपोआप तिथंच गेले. फट नव्हती. दाराच्या खालच्या कडेला तू स्वतः ठोकलेली पत्र्याची पट्टी होती, दोन्ही टोकांना नीट वळवलेली. एवढ्या दुःखात मला हसू आलं, आणि हसता हसता पुन्हा रडू.

तुझी जालन्याची खाला माझ्याकडं बघत होती. तिनं शेजारणीला विचारलं, "ये कौन?" शेजारीण म्हणाली, "शमीम के साथ काम करती सो. चूहेवाली." खाला उठली, माझ्याजवळ येऊन बसली, माझा हात धरला आणि म्हणाली, "तुम दोनों पे हम बहुत हँसे थे बेटी. फिर हमारेच गोदाम में तुमकू बुलाना पड़ा."

चूहेवाली! हा शब्द आपल्याला पहिल्यांदा कुणी चिकटवला ते आता आठवत नाही. मला तेव्हा राग यायचा. माझी आई तर गावात कुणाला सांगायचीसुद्धा नाही. "एमेस्सी करून उंदरं धरती माझी पोरगी," असं म्हणून तोंडाला पदर लावायची. तुला मात्र कधी राग आला नाही. कुणी रस्त्यात "ओ चूहेवाली" म्हणून हाक मारली की तू थांबायचीस आणि विचारायचीस, "कुठं दिसला?"

आपण दोघी प्राणिशास्त्राच्या. तू जुन्या शहरातून सायकलवर वर्गात यायचीस, मी सिल्लोडहून येऊन होस्टेलवर राहिलेली. वर्गातल्या प्रत्येकाला वाघावर, नाहीतर माळढोकावर काम करायचं होतं. सरांनी विषय विचारले तेव्हा तू म्हणालीस, "उंदीर." वर्ग हसला. तू म्हणालीस, "सर, वाघ किती जणांच्या घरात हाय?" सरही हसले, पण विषय मंजूर केला. त्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी तुझ्या सायकलीशेजारून चालत आले. आपली मैत्री तिथून धरायची, असं मी ठरवलंय. तू वेगळा दिवस सांगशील. आता तुझं म्हणणं खोडायला काही अडचण नाही, पण त्यात मजा राहिली नाही.

तेव्हा औरंगाबाद झपाट्यानं वाढत होतं. वाळूजला कारखाने, स्टेशनकडं हॉटेलं, जुन्या गल्ल्यांच्या तोंडाशी तीन-तीन मजली दुकानांच्या इमारती. उंदरांचं म्हणशील तर लोकांना दोनच उपाय ठाऊक, विषाची पुडी नाहीतर मांजर. तू म्हणालीस, आपण इमारत बघायची, उंदीर कुठून आणि का येतो ते शोधायचं, आणि त्याचाच धंदा करायचा. रफिकभाईंच्या शिलाईच्या दुकानावरची खोली मोकळी होती. तुझा नवरा भला माणूस. मशीन चालवता चालवता म्हणाले, "वर बसा. फक्त नमुने खाली आणू नका."

पहिलं मोठं काम फर्दापूरच्या हॉटेलचं. लेणी बघायला आलेल्या कुणा पाहुण्याच्या पिशवीतून उंदीर निघाला होता आणि मालकाची झोप उडाली होती. त्यानं आपल्याला मागच्या दारानं आत घेतलं आणि हळूच म्हणाला, "कुणी विचारलं तर पाव्हण्या म्हणून सांगा." मी पिशवीतनं पिंजरे काढायला लागले. तू म्हणालीस, "मंदे, पहिलं चहा पी." चहा पिता पिता तू स्वयंपाकघर नुसतं बघत होतीस. मग तू सरळ फरशीवर आडवी झालीस, गाल जमिनीला लावून. आचारी घाबरला. त्याला वाटलं बाईला चक्कर आली.

"टॉर्च आण," तू म्हणालीस. "वरून नको. आडवी धर, जमिनीला चिकटून."

मी तशी धरली आणि जी फरशी स्वच्छ दिसत होती तिच्यावर बारीक बारीक पावलांची रांग उमटली. मधोमध शेपटीची रेघ. रांग चुलीकडून निघून मागच्या भिंतीत गेली होती, तिथून बाहेर, सरपणाच्या ढिगाखाली. मालकाला तू तिथं नेलंस. "तुमच्याकडं तो राहत नाय," तू म्हणालीस. "जेवायला येतो. राहतो हितं. हितनं त्याला उठवा आणि भिंतीतली वाट बुजवा."

उजेड आडवा धरायचा. वरून मारला की सगळं ठीकच दिसतं. हे मी नंतर कितीतरी पोरापोरींना शिकवलं आणि प्रत्येक वेळी तुझं नाव घेतलं. हे तुला माहीत नसेल.

आता आपल्या भांडणाचं. ते अर्धवटच राहिलं, तेव्हा मी माझी बाजू पुन्हा एकदा मांडते. तू विषाला शेवटचा उपाय म्हणायचीस. आधी खाणं बंद, मग पाणी बंद, मग वाट बंद, मग पिंजरे, आणि एवढं करूनही उरला तरच विष, तेही कुलपाच्या पेटीत. माझं म्हणणं, सिल्लोडच्या मक्याच्या गोदामात हे सगळं करत बसलो तर मका संपेल आणि उंदीर उरतील. तिथं मी विष वापरलं, गोदाम वाचलं. तू म्हणालीस, मेलेले उंदीर कुठं गेले? मी म्हणाले, उचलले. तू म्हणालीस, उचललेले सोड, न सापडलेले कुठं गेले? ते घुबडानं खाल्ले, मांजरीनं खाल्ले. पुढच्या हंगामात घुबड नव्हतं आणि उंदीर परत होते. तू बरोबर होतीस, पण मीही बरोबर होते, शमीम. शेतकऱ्याला पुढचा हंगाम नंतर दिसतो, समोरचं पोतं आधी दिसतं. मी त्या तालुक्यातली, मला ते ठाऊक आहे. यावर आपण बसमध्ये, बांधकामावर, तुझ्या ईदच्या शीरखुर्म्यावर आणि माझ्या दिवाळीच्या फराळावर भांडलो. रफिकभाई म्हणायचे, "तुमच्या दोघींत उंदीर सुखी हाय."

पण आज मला हिरव्या बिल्डिंगची गोष्ट लिहून ठेवायची आहे. तू ती कुणाला सांगायची नाहीस. कुणी विचारलं तर म्हणायचीस, "पायपाचं काम होतं." ते पायपाचं काम नव्हतं.

स्टेशनकडच्या रस्त्यावरची ती तीन मजली इमारत, बाहेरून पोपटी रंग दिलेली, म्हणून सगळे तिला हिरवी बिल्डिंग म्हणायचे. तळमजल्याला सुमनबाईंची खाणावळ. वरती साड्यांचं मोठं दुकान, कॉम्प्युटरचे वर्ग, एक दवाखाना, चार-दोन कचेऱ्या. लग्नसराईच्या तोंडावर उंदरांनी साड्यांच्या गठ्ठ्यांत शिरून भारी माल कुरतडला. कॉम्प्युटरवाल्याच्या वायरी खाल्ल्या, एकदा ठिणगीही उडाली. साडीवाले जगतापशेठ हे दुकानदारांच्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी आपल्याला बोलावलं तेव्हा निकाल आधीच लागलेला होता. बैठकीत ते म्हणाले, "मॅडम, कारण तर सगळ्यांना दिसतंय. खाली अन्न शिजतं, वर उंदीर येतात. तुम्ही तसं लेखी द्या. खाणावळ उठली की आमचा प्रश्न मिटला."

सुमनबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांना बसायला कुणी खुर्ची दिली नव्हती. नवरा गेल्यावर त्यांनी त्या गाळ्यात स्टोव्ह पेटवला होता आणि त्यावर दोन मुली शिकवल्या होत्या. जगतापशेठ वाईट माणूस नव्हता, हे तूच मला नंतर बजावलंस. त्याचा माल गेला होता, लोक त्यालाच विचारत होते आणि त्याला एक उत्तर हवं होतं.

तू म्हणालीस, "बघितल्याशिवाय काय लिहू?"

मागून कुणीतरी म्हणालं, "बघायचं काय त्यात? का बाईनं आधीच जेवायला बोलावलं तुम्हाला?"

काही जण हसले. माझे कान तापले. आपल्या हातात तेव्हा एवढं मोठं दुसरं काम नव्हतं, ते गेलं असतं तर खोलीला कुलूप लावायची वेळ आली असती. मी तुझ्याकडं बघितलं. तू आवाज चढवला नाहीस.

"मी हितं उंदीर शोधायला आलेय," तू म्हणालीस. "माणूस शोधायला नाय."

हसणं थांबलं. जगतापशेठ म्हणाले, "ठीक आहे, बघा. पण लवकर बघा."

आपण आधी खाणावळीत गेलो. सुमनबाईंनी ओट्यावरचं पातेलं आपटलं. "या, तुमीबी या. समदे माज्यावरच आले, तुमी कशाला मागं राहता?" तू चपला काढल्यास आणि आत शिरलीस. पिठाचे डबे झाकणाचे. तांदळाची कोठी पत्र्याची. मोरीला जाळी, जाळीला स्क्रू. कोपऱ्यात लहान चिटुकल्या उंदरांच्या दोन-चार लेंड्या मिळाल्या, वाळलेल्या, बोटात धरल्या की भुगा होणाऱ्या. तू त्या कागदावर घेतल्यास आणि सुमनबाईंना विचारलंस, "जाळी कुणी बसवली?"

"मीच. का?"

"लई चांगली बसवलीया."

सुमनबाई तुझ्याकडं बघतच राहिल्या. त्या आठवड्यात त्यांना कुणी चांगलं म्हटलेलं नव्हतं. त्यांनी चहा टाकला आणि तू तो मुद्दाम बाहेर, सगळ्यांना दिसेल अशी उभी राहून प्यालीस.

मग वर. साड्यांच्या दुकानातल्या लेंड्या वेगळ्या होत्या. मोठ्या, टोकदार, ताज्या, चकाकणाऱ्या. काळ्या उंदराच्या, ज्याचं शेपूट अंगाहून लांब असतं आणि जो भिंत, पाइप, वायर काहीही चढतो. तू शिडी लावून छताजवळ गेलीस. पाइप जिथं छतातून खाली येतो तिथं तेलकट काळा पट्टा पडला होता. उंदराचं अंग रोज त्याच जागेला घासतं तेव्हा तो पडतो. तू मला वर बोलावलंस आणि बोट ठेवून विचारलंस, "मंदे, काळं कुठं जास्त हाय?"

वरच्या बाजूला जास्त होतं. खाली येता येता फिकं होत गेलं होतं.

दुकानं बंद होताना आपण जिन्याच्या पायऱ्यांवर, पाइपांच्या कडांवर, छताच्या फळ्यांवर शंखजिऱ्याची पांढरी पूड पसरली. सकाळी जगतापशेठना बरोबर घेतलं. जिन्यावरची पूड जशीच्या तशी. एक पाऊल नाही. फळीवर आणि पाइपाशी मात्र पावलंच पावलं. तू त्यांना टॉर्च दिलीस, त्यांच्याच हातानं आडवी धरायला लावलीस. ते बराच वेळ वाकून बघत होते. मग सरळ झाले आणि म्हणाले, "हे वरून येतायत."

"हौ," तू म्हणालीस. "वर काय हाय?"

त्यांचा चेहरा उतरला. "वरचं उघडायचं नाही, मॅडम. ते कोर्टात आहे."

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या शटरला दोन कुलपं होती, एक डावीकडं, एक उजवीकडं. एकेकाळी तिथं बियाण्याचं दुकान होतं. म्हातारा मालक वारला आणि दोन मुलांत वाद लागला. थोरले बाबूराव सिल्लोडला, धाकटे रंगनाथ हर्सूलला. दोघांनी आपापलं कुलूप ठोकलं आणि तेव्हापासून आतली पोती आत. शटरच्या कोपऱ्याशी लाकडी चौकटीत कुरतडून गोल भोक पडलं होतं, कडा गुळगुळीत झालेल्या. वर गच्चीतल्या टाकीतून पाणी ठिबकत होतं आणि शेजारच्या बदामाची फांदी गच्चीला टेकली होती. खायला, प्यायला, यायला, जायला. सगळी सोय. तू शटरला कान लावलास आणि मलाही लावायला सांगितलंस. आत खसखस चालू होती.

आपण सिल्लोडला गेलो. बाबूराव ओट्यावर बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रंग्याला म्हणावं आधी कुलूप काढ. मग माझं काढतो." आपण हर्सूलला गेलो. रंगनाथ म्हणाले, "दादानं आधी काढावं. त्याचं पहिलं लागलंय."

परतताना मी तुला म्हणाले, सोपं आहे. यांना सांगू ते तयार झाले, त्यांना सांगू हे तयार झाले. दोघं एकदा समोरासमोर आले की काम झालं. तू माझ्याकडं असं बघितलंस! "खोटं बोलून उघडलेलं कुलूप दुसऱ्या दिवशी परत लागतं," तू म्हणालीस. मी चिडले. म्हणाले, मग तुझ्या खऱ्यानं उघडून दाखव.

तू सुमनबाईंकडं गेलीस आणि जे होतं ते सगळं सांगितलंस. उंदीर वरच्या बंद गाळ्यातून येतायत, बाबूराव आणि रंगनाथ दोघंही ऐकत नाहीत, मंडळ थांबणार नाही. त्या पोळी लाटत होत्या. लाटणं तसंच हातात धरून म्हणाल्या, "बाबू आन रंगा? अवं, त्यांचा बाप माज्याकडंच जेवायचा. ही दोगं लहान असताना सुट्टीत यायची तवा माज्या हातची भाकर खाऊन जायची. मला का न्हाई नेलं?"

दुसऱ्या दिवशी त्या आपल्याबरोबर बसमध्ये होत्या. बाबूरावांच्या ओट्यापुढं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाबू, माजी खाणावळ चाललीया रं. तुमच्या दोगांच्या भांडनात माजी चूल इजतीया. तुला रंगाशी बोलायचं नसंल तर नको बोलू. पर किल्ली घिऊन जेवायला ये." बाबूराव उठून उभे राहिले. "मावशी, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब?" एवढंच म्हणाले. हर्सूलला रंगनाथनं तर त्यांना आत नेऊन पाटावर बसवलं, पाया पडला.

ते दोघं आले, शमीम. भर दुपारी, वेगवेगळ्या रिक्षांतून. खाणावळीत दोन टोकांच्या टेबलांवर बसले. सुमनबाईंनी दोघांना सारखंच वाढलं, वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा. कुणी कुणाकडं बघितलं नाही. जेवण झाल्यावर तू म्हणालीस, "चला," आणि सगळे वर गेलो. जगतापशेठ, दुकानदार, दवाखान्याचे डॉक्टर, जिन्यात माणूस मावेना.

बाबूरावांनी डावं कुलूप काढलं. रंगनाथनं उजवं. शटर गंजलेलं, एकट्याला उचलेना. दोघांनी एकदम हात घातला तेव्हा ते वर गेलं.

वास आला आणि सगळे मागं सरले. पोती फाटून मका, सरकी गुडघाभर पसरलेली. भिंतीच्या कडेला घरटी. तू मास्क लावलास, हातमोजे घातलेस, आधी सगळ्या जमिनीवर जंतुनाशकाचं पाणी फवारलंस, मगच आत पाऊल टाकलंस. चिमट्यानं एक घरटं उचलून दारात आणलंस. ते जगतापशेठच्या साड्यांचं होतं. चिंध्यांत जरीचे धागे चमकत होते. जगतापशेठनी ते बघितलं, मग जिन्यात खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या सुमनबाईंकडं बघितलं.

रंगनाथ आत आला. एका फाटक्या पोत्यावर बापानं खडूनं लिहिलेलं वाणाचं नाव अजून वाचता येत होतं. तो तिथं थांबला. बाबूराव मागून म्हणाले, "रंगा, पाय जपून टाक. खिळा हाय तिथं." इतक्या काळानंतरचं पहिलं वाक्य. त्यांनी मिठ्या मारल्या नाहीत, वादही त्या दिवशी मिटला नाही. पण पोती खाली उतरवायला दोघं होते.

त्यानंतरचं काम तुझं होतं आणि ते तू असं केलंस की मला अजून अभिमान वाटतो. एका एका दुकानात जाऊन तू सांगितलंस की तुमचं एकट्याचं भोक बुजवून उपयोग नाही, सगळ्यांची एकाच दिवशी बुजवायला हवीत, नाहीतर उंदीर फक्त शेजार बदलतो. भर लग्नसराईत सगळ्या इमारतीनं एक दिवस शटर खाली ठेवली. पाइपांभोवती जाळी आणि सिमेंट, टाकीची दुरुस्ती, बदामाची फांदी छाटली, कचऱ्याचे डबे झाकणाचे. मग पिंजरे, भिंतीला चिकटून, तोंड वाटेकडं. विषाची एक पुडी फुटली नाही. मी म्हणत होते फोडू या. तू नाही म्हणालीस. त्या वेळी तू बरोबर होतीस. फक्त त्या वेळी.

शेवटच्या तपासणीला जगतापशेठ आपल्याबरोबर खाली आले आणि खाणावळीच्या दारात घुटमळले. मग आत जाऊन बाकावर बसले. म्हणाले, "सुमनताई, एक थाळी." त्या म्हणाल्या, "ठेचा तिखट हाय, चालंल का?" ते म्हणाले, "चालेल. मला तिखटच पाहिजे आज." तू मला कोपरानं ढोसलंस आणि तिथून बाहेर काढलंस. म्हणालीस, "चल मंदे. हितलं आपलं काम संपलं."

पायपाचं काम म्हणे!

तुझ्या आजारपणात मी रोज यायचे. दवाखान्यात सलाइन लागलेलं आणि तुझी नजर खोलीभर फिरत होती. मला वाटलं आता काय दोष काढतेस. तू म्हणालीस, "हितं बरं हाय. पायपांभोवती सिमेंट भरलंय. कुणीतरी मन लावून केलंय." कोण गवंडी होता कुणास ठाऊक. त्याला कळायला हवं होतं की त्याचं काम कुणी वाखाणलं.

आणि तिथंही आपण भांडलो. मी म्हणाले, आता असे पिंजरे निघालेत की दार पडलं की मोबाइलवर निरोप येतो, आपण घेऊ. तू उशीवरून मान हलवलीस. "पिंजरा सांगंल उंदीर सापडला. तो का आला ते कोण सांगंल?" मी म्हणाले, "आपल्या गुडघ्यांनी अजून किती शिड्या चढायच्या?" तू म्हणालीस, "तुझे गुडघे. मी चढते." आणि तुला उठूनही बसता येत नव्हतं. मी उत्तर दिलं नाही. उद्या देऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी तू झोपेत होतीस. मग झोपेतच गेलीस.

तर उत्तर असं. ते पिंजरे मी घेणार आहे. आणि निरोप आला की मी किंवा आपल्याकडची कुणी पोरगी शिडी घेऊन जाईलच. दोन्ही होऊ शकतं. तू ऐकून घेतलं असतंस तर तुलाही पटलं असतं. नसतंही पटलं.

रफिकभाई म्हणतात, तुझ्या जनाज्याला एवढी माणसं आली की गल्लीत ओळखीचं कोण, अनोळखी कोण कळेना. हॉटेलवाले, गोदामवाले, औषधाच्या कारखान्यातले साहेब, भाजी मंडईतले हमाल. एकानं त्यांना सांगितलं, "आमच्या दुकानात बाई जमिनीवर झोपल्या होत्या." दुसरा म्हणाला, "आमच्यातही." रफिकभाई हे सांगताना रडत होते आणि छाती फुगवून बसले होते.

मी तुला कधी तोंडावर चांगलं म्हटलं नाही. तूही मला नाही. आपल्यात ती पद्धतच नव्हती. तू माझ्या कामावरून हात फिरवून काही न बोलता पुढं गेलीस की मी समजायचे, बरं झालंय. पण आता तू हात फिरवणार नाहीस, तेव्हा मी बोलून टाकते. या शहरात आपण दोघींनी एक धंदा उभा केला जो आधी नव्हता, आणि तो तुझ्यामुळं इमानानं उभा राहिला. ज्या कामाला लोक नाक मुरडायचे ते तू असं केलंस की त्याची लाज वाटणं बंद झालं. माझी आई शेवटी शेवटी गावात सांगायची, "माजी पोरगी आन तिची मैत्रीण, मोठमोठ्या कंपन्यावाले बलावत्यात त्यांना."

आज सकाळी खोली उघडली. तुझी खुर्ची हलवली नाही, उगाच तिच्याभोवतीनं चालले. थोड्या वेळानं एक तरुण वास्तुविशारद मुलगी आली, हातात कागदांची गुंडाळी. कुठं उंदीर दिसला, मी सवयीनं विचारलं. ती म्हणाली, "उंदीर नाही आहे, मॅडम. इमारतच नाही आहे अजून." नव्या धान्य बाजाराची इमारत आहे, पाया खणायचा आहे. तिनं नकाशा टेबलावर पसरला. म्हणाली, कॉलेजात असताना शमीम मॅडम एकदा बोलायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या होत्या, लोक आम्हाला घर उंदरांनी भरल्यावर बोलावतात. घर बांधायच्या आधी बोलवा कधीतरी. "म्हणून आले," ती म्हणाली. "त्या आहेत ना?"

मी तिला सांगितलं. ती नकाशा गुंडाळायला लागली. मी तिचा हात धरला.

"बस," मी म्हणाले, "चहा पी पहिला." आणि तिचा चहा होईपर्यंत मी तो नकाशा नुसता बघत राहिले.